तिसऱ्या गिअरच्या पितळी रिंगा

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळी देवबागेत टेम्पो आला. विश्राम. सोबत त्याच्या शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स, गोणपाटात बांधलेला. तिसरा टिकत नाही, सुटून न्यूट्रलला येतो. २१ला घाटात शर्यत.
"पुण्यवाले जानेवारी सांगतत. तुजो हात आसा म्हणान इलंय, आग्नू."
चहा संपायच्या आत हो म्हणून बसलो. स्वतःचाच राग आला. त्याच्या अंगात जाकीट, पाठीवर त्याचंच नाव छापलेलं. लीना त्याला म्हणाली, "शोभता हां तुका." मला वीस वर्षांच्या संसारात काय शोभलं ते तिने सांगितलेलं आठवत नाही.

५ डिसें.
शर्यतीची ती पहिली गाडी आम्हा दोघांची होती. अर्धी माझी, अर्धी त्याची. चालवणार मी, तो स्पॅनर देणार, असं ठरलेलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी होडीच्या इंजिनाला हँडल मारताना उलटा झटका बसला, माझं मनगट मोडलं. विश्राम म्हणाला, "ह्या वेळेक मी चलवतंय. तू बरो हो, मगे तुजी पाळी." बारा वर्षं झाली. मनगट दीड महिन्यात बरं झालं होतं.
जळतो मी त्याच्यावर. लिहायला काय जातंय. ही वही कोण वाचतं!

६ डिसें., शनि.
पडवीत बॉक्स उघडला. तिसऱ्याचे दात चावलेले, गिअर सरकवणारा फोर्क वाकलेला. नवा गिअर नि फोर्क त्याने आणलेत. पितळी रिंगा ठीक आहेत, पाचही चालतील. गिअर बदलताना ह्याच रिंगा गिअरच्या निमुळत्या कोनाला घट्ट धरतात, त्यांच्या आतल्या बारीक आट्या शाबूत पाहिजेत.
चौथ्याची रिंग तर नवीकोरी. म्हणजे साहेब चौथ्यात जातच नाहीत. घाबरतो लेकाचा. बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं.
सुट्टे भाग क्रमाने सुपात मांडले, रिंगा रॉकेलच्या ताटलीत.

९ डिसें.
दुपारी तारकर्लीला एका होडीचं इंजिन बघायला गेलो. परत येतो तर रिंगा पडवीच्या कठड्यावर, उन्हात, सोन्यासारख्या.
नाताळची साफसफाई. लीनाने अल्तारावरच्या मेणबत्त्यांची पितळी स्टँडं काढली, कोकमाच्या सोलांचं पाणी नि राख घेऊन काथ्याने घासली, आणि हातासरशी ह्याही. दरवर्षी घरातलं सगळं पितळ अशीच घासते. ह्या वर्षी पडवीतलंही.
ओरडलो. खूप ओरडलो.
"माका काय ठावक? काळे पडलेले. विश्रामाचे म्हणान जरा बरे घासलंय."
विश्रामाचे म्हणून!
तिसऱ्याची रिंग कोनावर दाबून फिरवली. धरायला हवी होती. सरकली. आट्या बोथट. बाकीच्या जेमतेम.

१० डिसें.
कोल्हापूरला फोन केला. रिंगा आहेत, मागवल्या की दुसऱ्या दिवशी पार्सल विश्रामच्या गावी, कट्ट्याला. "बघून सांगतो," म्हटलं.
कशाला बघून सांगतो म्हटलं?

११ डिसें.
वि.चा फोन. "काय म्हणता बॉक्स?"
"सगळा बरा आसा."
एवढंच बोललो. खोटं बोलायला काहीच लागत नाही. मग लीनाने फोन घेतला. तो काहीतरी बोलला नि ही पोट धरून हसली. नंतर मला सांगितला तो विनोद. माझाच होता, जुना.

१३ डिसें., शनि.
बॉक्स बंद केला. त्याच रिंगा घालून. हाताने फिरवला तर लोण्यासारखे पडतात पाचही गिअर. तेल गार असेपर्यंत पडतील. चार-पाच वळणं चढून तापलं की तिसरा कुरकुरणार, ढकलून द्यावा लागणार. मरणार कोणी नाही. फक्त सेकंद जाणार, त्याचे.
लीना : "त्या रिंगांचा काय झाला मगे? तू इतको बोंबलत होतंस."
"चालतत."
"सुटलंय एकदाची. चार दिस जेवान गोड लागूक नाय माका."
मान खाली घालून बोल्ट आवळत राहिलो.

१६ डिसें., मंगळ.
कट्ट्याला त्याच्या घरी बॉक्स चढवला. हात पुसतोय तर त्याने एक कागद पुढे केला. शर्यतीचा अर्ज. एक गाडी, दोन चालक, दोघांची वेळ वेगवेगळी. दुसरं नाव माझं.
"बारा वर्सां झाली रे. तुजी पाळी रवली हा. तुका आधी सांगलंय असतंय तर तू नाय म्हटलं असतंस."
त्याने किल्ली दिली. "चल, तू चलव."
कसालच्या रस्त्याला लागलो. जाताना उडवली गाडी. मुद्दाम चौथा टाकून दाखवला त्याला. "घाटात चौथो खंय लागता रे?" तो हसला. म्हणजे घाबरणं-बिबरणं काही नव्हतं, चढच तसा असतो. परत येताना तिसरा. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. तिसऱ्यांदा ढकलूनच घातला.
विश्रामने माझ्या मनगटाकडे बघितलं. आवाज अगदी मऊ.
"असांदे. हात सुटलो तुजो. सराव व्हयो."
हात सुटला! माझा! तोंडापर्यंत आलं होतं, हात नाही रे, रिंगा. गिळलं.

१७ डिसें., बुध.
माझा हात सुटलेला नाही.
सकाळी लीनाला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "माजा नाव सांग. मी घासलंय म्हणान. खोटा थोडाच आसा?"
खोटं नाही. पण नऊ तारखेपासून सोळा तारखेपर्यंत काय झालं ते त्यात येत नाही.
रिंगा मागवल्या. उद्या संध्याकाळी कट्ट्याच्या स्टँडवर पार्सल. परवा बॉक्स परत उतरवायचा, शनिवारी चढवायचा, रविवारी शर्यत. होईल. पण गाडी त्याच्या दारात आहे, त्याला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही, आणि कशाला उतरवतोस ते तो विचारणारच.
तरीही एक लिहून ठेवतो. रविवारी माझी वेळ त्याच्यापेक्षा कमी यावी असंच वाटतंय. अजून. अर्जावर माझं नाव बघूनसुद्धा.
आता फोन लावतो. "लीनाने घासल्या" म्हणायचं की "मला माहीत होतं", ते अजून ठरत नाही. लीना दारात उभी आहे. ऐकायला.