हुबुंगचा उजवा हात

२ ऑगस्ट

पोचले बाई एकदाची! होडीत बसून बसून कंबरेचा भुगा झालाय. बाराम नदीची खळाळती धार आली की केबिंग मुद्दाम वल्ह्यानं माझ्या अंगावर पाणी उडवायचा आणि वर मलाच म्हणायचा, मास्तरीणबाई भित्र्या निघाल्या. लग्नाला महिना झाला, पण केबिंगचं घर, माझं सासर, आज पहिल्यांदा पाहिलं. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या माझ्या माहेरच्या घराच्या दुप्पट लांब आहे हे. एका छपराखाली एवढी कुटुंबं, एवढी लांब ओसरी, की या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाला पत्ता लागायचा नाही. उद्यापासून इथल्याच पोरांना मी अक्षरं शिकवणार!

सासूबाईंनी आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, अगं बाई, हे काय, सोललेली केळी! सगळ्या बायका खो खो हसल्या. प्रत्येकीचे हात कोपरापर्यंत काळेभोर गोंदलेले. मी सांगितलं की आमचे बाबा चर्चला जायला लागले आणि माझे हात कोरे राहून गेले. तर म्हणाल्या, मेल्यावर नदीवरचा ओंडका ओलांडताना गोंदलेले हात मशालीसारखे पेटतात, तू काय तिथे अंधारात चाचपडत बसणार? मी म्हटलं, मला इतक्यात जायची घाई नाही हो. पुन्हा हशा. रानडुकराचं मटण आणि पानात बांधलेला भात इतका खाल्ला की आता वाकवत नाही.

७ ऑगस्ट

पोरं ऐकतात. एकानं खडू खाल्ला, बाकी ठीक.

गोंदणारी बुलानबाई पलीकडच्या नदीवरून आली आहे. ती काही वर्षांतून एकदा येते, म्हणून सासूबाई माझ्या मागे हात धुवून लागल्यात. पेरणी सुरू झाली की घरात रक्त सांडायचं नसतं, तेव्हा आत्ताच काय ते उरकायला हवं. खरं सांगायचं तर मलाही हवंय. या बायका ताटलीला हात लावतात तेव्हा ते हात किती शोभतात! माझे आपले उघडे-बोडके. केबिंग म्हणाला, तुझा हात, तुझी मर्जी. म्हणजे त्यालाही हवंय.

दुपारी सासूबाईंबरोबर वरच्या टोकाच्या खोलीत हुबुंग म्हातारीला भात द्यायला गेले. ती अंथरुणाला खिळलेली, मुलगा इमांग शेतावरच्या खोपट्यात रान जाळण्याच्या कामावर. तिचा डावा हात कोपरापर्यंत काळा आणि उजवा अगदी कोरा. तिची गोंदणारी काम अर्धं टाकून मेली, आणि दुसरीनं सुरू केलेलं काम आपल्याकडे कोणी पुरं करत नाही. हुबुंगनं माझी बोटं बराच वेळ कुरवाळली. म्हणाली, काय गं मऊ आहेत! बिचारीचा हात सोडवत नव्हता.

९ ऑगस्ट

उजवा पंजा झाला! हे डाव्या हातानं लिहितेय, म्हणून कोंबडीचे पाय.

सुई उचलायच्या आधी बुलानबाईनं विचारलं की पुराचं स्वप्न पडलं का, घरात कोणी बाळंतीण आहे का, कोणाचं मढं तर पडलेलं नाही ना. मढं घरात असताना सुई लावायची नसते. सासूबाई पटकन म्हणाल्या, सगळे ठणठणीत आहेत, तू बस.

मला चटईवर आडवं केलं. लाकडी ठसा काजळीत बुडवून हातावर उमटवला. दोघी बायका दोन्हीकडून कातडी ताणून बसल्या आणि बुलानबाई राळेच्या गोळ्यात रोवलेल्या सुया लोखंडी दांडीनं ठोकू लागली. टक टक टक. पहिल्यांदा वाटलं, हात्तिच्या, एवढंच होय! मुंग्या चावल्यासारखं. मग बोटांच्या हाडांवर आली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. वेदना हातात राहतच नाही, ती दातांत येते, कानामागे येते. थोड्या वेळानं तर दुखण्यापेक्षा त्या आवाजाचाच जास्त वीट आला. मी दातावर दात दाबून पडले होते, तर बुलानबाई म्हणते कशी, रड की मोकळेपणी, शाळेत जाऊन कोणी चुगली करणार नाही. मग रडले मनसोक्त. रडता रडता हसूही आलं.

मनगटापर्यंत पुरं झाल्यावर तिनं रक्त पुसलं आणि हात माझ्यापुढे धरला. माझा हात! एवढा सुंदर! डावा पंजा उद्या, मग कोपरापर्यंतचं.

१० ऑगस्ट

डावा राहिलाच. सकाळी वरच्या टोकाला आक्रोश उठला. इमांग शेतावरून परतला तर हुबुंग म्हातारी चटईवर गार पडलेली. नुकतीच गेलेली नव्हे. अंग कधीच ताठलं होतं.

बुलानबाई तिथे गेली. म्हातारीच्या उशाशी कालचा भात तसाच, वर झाकण. भाताची काल सासूबाईंची पाळी होती. बुलानबाईनं ओसरीवर सगळ्यांसमोर त्यांना विचारलं. आधी त्या नाही नाही म्हणाल्या, मग एकदम फणकारल्या, हो, होती मेलेली! सांगितलं असतं तर तू सुया गुंडाळून चालती झाली असतीस, आणि माझ्या सुनेचे हात तसेच राहिले असते. एका दिवसानं काय बिघडलं, म्हातारी काय उठून पळणार होती?

 बुलानबाईनं काजळीचं भांडं नदीत फेकून दिलं. मला सासूबाईंचा राग आला आणि त्यांची कीवही आली. माझ्यासाठीच केलं ना त्यांनी. हात सुजून टम्म झालाय, ठणकतोय, जळत्या लाकडासारखा तापतोय. बुलानबाई म्हणते, एवढं सगळ्यांनाच होतं.

१४ ऑगस्ट

सूज उतरली. खपल्या धरल्यात आणि अशी खाज सुटते की भिंतीवर हात घासावासा वाटतो. त्यावर भाताचं पाणी लावते. आज हुबुंगला पुरलं.

एक गंमत. फळ्यावर लिहिताना मनगटात टक असं झालं. खडू पडला. थोड्या वेळानं पुन्हा, टक टक टक, अगदी तालात, नेमकं तसंच जसं सुया ठोकताना. पण आतून. पोरांना विचारलं, काही ऐकू येतंय का, तर सगळी माझ्याकडे बघत राहिली. ताप असेल. केबिंग म्हणाला, मास्तरीणबाईंना लाड हवेत.

१७ ऑगस्ट

तापबिप नाही. मनगटाच्या वर, जिथे ठसा उमटवलाच नव्हता, तिथे नक्षी आली आहे. चांगली चार बोटं रुंद. कडेला ताज्या रक्ताचे थेंब.

बुलानबाईला दाखवलं. तिनं जवळ येऊन पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. म्हणाली, ही माझी नक्षी नाही, माझ्या ठशांत असला वेढा नाहीच. तेवढ्यात इमांग आला. माझा हात पाहिला आणि तिथेच मटकन बसून हमसाहमशी रडायला लागला. आईच्या डाव्या हातावर हेच होतं म्हणाला. हेच, अगदी हेच.

२० ऑगस्ट

टकटक दिवसभर चालू असते. भात कांडताना, पोरांची पाटी तपासताना. जेवढं काळं होतं तेवढं बधिर होतं. बोटांना आता काही कळतच नाही. मघाशी करंगळी चुलीतल्या निखाऱ्यावर टेकली, वास आला तेव्हा समजलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी डुक्कर कापून त्याचं काळीज पाहिलं. त्यात दिसलं म्हणे, हुबुंग अजून मेलेल्यांच्या नदीच्या काठावर बसली आहे. एकच हात पेटलाय, ओंडका दिसत नाही. ती पलीकडे जाईपर्यंत पेरणी करायची नाही. जाळलेल्या रानातली राख एका पावसानं वाहून जाईल, मग वर्षभर खायचं काय? सगळे हे बोलत होते आणि बोलताना माझ्या हाताकडे बघत होते.

बुलानबाईला मी एकटीला गाठलं. विचारलं, हात पुरा झाला की काय होईल? तिनं बरेच आढेवेढे घेतले. म्हणाली, तिच्या कोऱ्या राहिलेल्या हाताचं काम तुझ्यावर चाललंय. पुरा झाला की ती जाईल. मी म्हटलं, मग जाऊ दे ना, हात बधिर तर बधिर, मी डाव्यानं शिकवेन. ती खाली बघत म्हणाली, पोरी, हात एकटा कसा जाईल?

२२ ऑगस्ट

केबिंगला म्हटलं, मला शहरातल्या इस्पितळात ने, नाहीतर तुझा कोयता घे आणि मनगटावरून, नाही, कोपरावरून तोड. तो ढसाढसा रडला. उद्या पहाटे होडी काढतो म्हणाला. शपथ घेतली त्यानं.

२३ ऑगस्ट

धक्क्यावर पानं बांधलेला बांबू रोवलाय. घर बंद. पेरणीची बंदी उठेपर्यंत कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. होडी वर ओढून उलटी घातली. मी केबिंगकडे पाहिलं. तो म्हणाला, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे गं. मग घाईघाईनं म्हणाला, बघू, दोन दिवस थांबू.

माझ्याशी कोणी वाईट वागत नाही. हीच तर भीती वाटते. सासूबाई मासा सोलून काटे काढून भरवतात. पोरं शाळेत येत नाहीत, दारातून डोकावतात आणि त्यांच्या आया त्यांना ओढून नेतात.

२५ ऑगस्ट

कोपराच्या खाली टीचभर कातडी उरली आहे. काल दिवसभर हात पोटाशी घट्ट धरून बसले. कातडी सैल राहिली की सुई नीट बसत नाही. टकटक मंदावली! मला वाटलं सापडलं, वाचले. दिवसभर तशीच बसेन, जन्मभर बसेन.

आज सकाळी दोघीजणी आल्या. पहिल्या दिवशी बसल्या होत्या त्याच. माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या, माझा हात पोटापासून सोडवला आणि कातडी ताणून धरली. मी ओरडले, चावले. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत म्हणाल्या, झालंच गं, थोडंच राहिलंय, थोडं सोस. सुई कोणाच्याच हातात नव्हती. टक टक टक. तिघी बघत होत्या. बुलानबाई कोपऱ्यात तोंड फिरवून —

केबिंग दारात उभा होता. मी त्याला हाक मारली. तो उभाच राहिला.

२६ ऑगस्ट

पुन्हा आल्या. मी आता ओरडत नाही.

दंडापर्यंत गार. पायांनाही कमी कळतं. चटईचा खरखरीतपणा —

उजव्या हाताची बोटं आपणहून मिटतात. कोणीतरी त्यांत हात घालून धरल्यासारखी. सोडवत नाही. सोड म्हटलं, आजी सोड, हात घेऊन जा, मला ठेव. इथे माझी शाळा आहे, माझा —

२७ ऑगस्ट

दुपार असेल. दोघी आल्या नाहीत. कोपराकडे बघायचा धीर होत नाही. टकटक थांबली आहे. किती शांत.

बाहेर गडबड आहे. बियाणं काढतायत. टोपल्या. कोणीतरी हसलं.

सासूबाईंनी डोकावलं नाही. मघाशी दारावरून गेल्या, मी हाक मारली, अहो आई — थांबल्या नाहीत. पोरगं दारात उभं राहून आत बघत होतं. माझ्यातून पलीकडे, भिंतीकडे.

केबिंग दिसतोय ओसरीवर. पाठमोरा. पेरणीची काठी तासतोय. बघेल. आत्ता वळून बघेल.

कोणीतरी त्याला हाक मारली. अबान केबिंग, चल, उन्हं आहेत तोवर.

अबान. आमच्यात बायको मेली की नवऱ्याच्या नावाआधी अबान लावतात.

तो चिडेल. काठी फेकेल. म्हणेल, काय अभद्र बोलता, माझी बायको ही काय इथे —

त्यानं ओ दिली.

केबिंग, अरे, मी अजून