तितरी कोंबड्यांचं फाटक

क्लिफ,

मी बसने स्किप्टनला डॉक्टरबाईंकडे जातेय. गुरुवारी तुलाही यायचंय, आत्तापासून कुरकुर नको. थंड मटण आणि ब्रेड झाकून ठेवलंय. शेगडी पेटवू नकोस.

कोंबड्यांकडे गेलास तर दचकू नकोस. दोन खुराड्यांमधलं फाटक उघडं राहिलं आणि दोन्हीकडच्या आपल्या तितरासारख्या रंगाच्या, वायनडॉट जातीच्या कोंबड्या-कोंबडे एकमेकांत मिसळले. पायातल्या कड्यांचे रंग बघून मी त्यांना पुन्हा वेगळं केलंय. प्रदर्शनाचे कोंबडे डाव्या खुराड्याच्या वंशातले आणि कोंबड्या उजव्याच्या, हा तुझा जन्मभराचा नेम. मिसळलेल्या पिल्लांना धड ना कोंबड्याचा रंग येईल, ना कोंबडीची नक्षी. आता वेगळं केलं तरी मिसळलेल्या बीजाचा असर काही दिवस राहतो, म्हणून तीन आठवडे एकही अंडं उबवायला ठेवायचं नाही. ती सगळी अंडी केकमध्ये जातील; केक खाऊन कंटाळशील, एवढंच.

उगाच मनाला लावून घेऊ नकोस. फाटक मीच उघडं टाकलं. कोंबड्या पाळणाऱ्यांच्या क्लबमधल्या वॉल्टरलाही मी तसंच सांगितलंय. "एवढी वर्षं क्लिफबरोबर राहून काय शिकलीस?" म्हणाला.

तुझी टोपी त्याच फाटकाच्या खिळ्यावर अडकवलेली होती. ती आणून दाराशी ठेवलीय, शोधत घर डोक्यावर घेऊ नकोस.

नोरीन