दोन कुंपणांमधली हातभर जागा

प्रिय रजियाभाभी,

अंगणवाडीची रजिस्टरं सोडली तर मी जन्मात काही लिहिलं नाही, आणि तुला तर मराठी वाचता येत नव्हतं. तरी लिहायला बसले. काल आपल्या दोन घरांमध्ये पुन्हा तुराट्यांचा कूड उभा राहिला, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला भाकर गोड लागेना.

आठवतो ना आपला कूड? तुरीची रास झाली की तुराट्या आमच्या शेतातल्या, दोरी तुमच्या घरची. मी माझ्या अंगणात बसायची, तू तुझ्या. माझ्या माहेरच्या दाभणात दोरी ओवून मी ते तुराट्यांतून पलीकडे घालायची, तू ओढून परत द्यायचीस. एकटीनं होणारं ते कामच नव्हतं. कूड बांधून होईपर्यंत सगळ्या गावाची उणीदुणी काढून व्हायची! पण खर्चाचा विषय कधी निघाला नाही.

मग माझ्या शेळ्या कूड खायला लागल्या आणि तुझ्या कोंबड्या खालून माझ्या मेथीत शिरायला लागल्या. माझा सुधाकर आणि तुझा नसीर म्हणाले, पक्कं कुंपण करू. तू म्हणालीस, "शेळ्या तुमच्या, खर्च तुमी करा." मी म्हणाले, "आन् कोंबड्या काय सरकारच्या हायेत?" पारावरच्या शहाण्यांनी निम्मा निम्मा खर्च ठरवून दिला, दोन्ही घरं कबूल झाली. तिथंच मिटायला हवं होतं. पण खांब कुणाच्या जागेत रोवायचे? वीतभर जमिनीसाठी आपण दोघी पदर खोचून उभ्या! मी तुला 'हावरी' म्हणाले. आजही तो शब्द आठवला की तोंड कडू होतं.

आणि मग काय शोभा केली आपण! मी माझ्या जागेत जाळी ठोकली, आठवड्यात तू तुझ्या जागेत पत्रे. निम्म्या खर्चात भागलं असतं, वीतभर जागेवरून भांडलो आणि दोघींनी पुरा खर्च केला. मधे हातभर जागा राहिली, ना तुझी ना माझी. त्यात कुठूनसा दोडका उगवला. काय लागले होते गं दोडके! जाळीतून मला दिसायचे, पण हात जायचा नाही. तू पत्र्यावरून काठीनं ओढू बघायचीस, मला काठीचं टोक तेवढं दिसायचं. मी एकटीच हसले. हाक मात्र मारली नाही. दोडके वेलावरच वाळून गेले.

तू तरी काहून नाही मारलीस गं हाक? मोठी तू होतीस ना!

पत्र्यामागून तुझा खोकला ऐकू यायचा. मला वाटायचं, ओल्या लाकडाचा धूर झाला असेल. कूड असता तर फटीतून तुझा चेहरा दिसला असता, चुलीवरचं तसंच टाकून आले असते मी. तुला हिंगोलीला दवाखान्यात नेलं, ते मला किराणा दुकानात कळलं. आणि तुला परत आणलं तेव्हा, ज्या दाराशी मी कुडाच्या कोपऱ्यातल्या वाटेनं चार पावलांत यायची, तिथं यायला सगळ्या गल्लीला वळसा घालावा लागला. तुझं तोंड शेवटचं बघायचं होतं, भाभी.

परवा पहाटेच्या अवकाळीत वारं असं सुटलं की तुझे पत्रे माझ्या जाळीवर आडवे. दोन्ही भुईसपाट. सकाळी सुधाकर आणि नसीर हमरीतुमरीवर.

"पत्रा तुमचा पडला, जाळी तुमी भरून द्या."

"तुमचे खांब कच्चे, म्हणून आमचा पत्रा वाकला."

तेच शब्द, तीच वीतभर जागा. आता ही दोघंही मरेपर्यंत बोलणार नाहीत का?

तेवढ्यात तुझी सून शाहीन पडलेल्या पत्र्यावरून चालत थेट माझ्या अंगणात आली. हातात माझं दाभण.

"काकू, अम्मीच्या पेटीत सापडलं. त्या म्हणायच्या, हे सुमनचं हाय, द्यायचं राहून गेलं. बांधायचं कसं, शिकवता का मला?"

मी तिच्या गळ्यात पडून रडले. दुपारी सुधाकर कुणी न सांगता तुराट्या घेऊन आला, नसीरनं दोरी आणली. खांब कुणाच्या जागेत, ते या वेळी कुणी विचारलं नाही. दोडका उगवला होता तिथंच, बरोबर मधोमध, मी खुणा करून दिल्या.

काल आम्ही बांधायला बसलो. शाहीन तुझ्या जागेवर. तुराट्यांआडून तिचा नुसता हात दिसत होता, त्यात तुझं चांदीचं कडं. दोरी जरा जास्त ओढली गेली आणि माझ्या तोंडून गेलं, "भाभी, हळू वढ!"

पलीकडून दोरी सैल झाली. "व्हय, काकू."

सुधाकर म्हणतो, तुराट्यांचा कूड वर्षभर टिकतो, दरसाल कोण बांधत बसणार? मी बसणार. हात चालतात तोवर, रास झाली की दाभण घेऊन या बाजूला बसेन. आणि मोठं कोण, धाकटं कोण, हे न बघता पलीकडे पहिली हाक मी मारेन. तुला मारायची राहून गेली ना गं.

कुडाच्या अलीकडची तुझी,
सुमन