नव्या मॉनिटरवरची मागची ओळ

सेलू,
१९ जानेवारी २०२५

शकुंतलाबाईंना देवकाचा जय भीम.

तुमचे भाऊ होते तेव्हाची एक सकाळ. मी गाळ्यापुढे झाडून सडा टाकला होता, बाबासाहेबांच्या फोटोचा हार बदलला होता आणि शटर अर्धं वर करून वाकून आत शिरले होते. ते आधीच आत. दुपट्ट्याचं टोक ओलं करून मॉनिटर पुसत होते. मी म्हटलं, "बाईमाणसानं आरसा पुसावा तसे पुसून राह्यले." ते म्हणाले, "आरसाच हाय तो. सेलूतल्या साऱ्या लग्नायचं तोंड पह्यले याच्यातच दिसते." मग मी चहा ठेवला आणि रात्री छापलेल्या लग्नपत्रिकांना घड्या घालायला बसले. त्या दिवशी विशेष काहीच घडलं नाही. तरी मला तीच सकाळ आठवते.

तुमची कंबर आता कशी आहे? समुद्रपूरला थंडी जास्त असेल तर पहाटे उठू नका. इकडे तूर निघाली, घरी पाठवीन.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी तुम्ही म्हणाल्या, "देवका, त्या डब्याले पाहू पाहू तुहे डोये फुटले. गाळा प्रफुलले देऊन टाक. तो मोबाईलचं दुकान लावते, तू आरामात बस." मी हो म्हटलं होतं, कारण मलाही तसंच वाटायचं. अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसायच्या. जोडाक्षर आलं की शाईचा डाग पडल्यासारखं. हे होते तेव्हा पत्रिकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. तीच अक्षरं आता मला ओळख देईनात, असं वाटून मी घाबरले होते.

त्यातच अण्णाजी गुरुजी आले. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती. जुने वर्गफोटो आणि खाली ओळीनं नावं. तुमच्या भावाचं नाव घेऊन म्हणाले, "तानबाच्या दुकानातूनच निघावी असं मले वाटते. पण नावं चुकली तर लोक मले मारतीन. एक पान करून दाखव. जमलं नाई तर नागपूरले देतो." फोटो पाहायला बसले तर संपूर्ण ओळ दिसायची तेव्हा चेहरे म्हणजे ज्वारीचे दाणे. मोठं करून पाहिलं की एकच तोंड दिसायचं आणि ओळ हरवायची. कोणाचं नाव कोणाला लागतंय, कळेना.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "नंबर तोच आहे. तुम्ही पाहता काय, ते बदला." शकुंतलाबाई, मी बाहेर आले ती हसतच. डोळे शाबूत होते! डबाच म्हातारा झाला होता.

मग एकटीच बसनं नागपूरला गेले. दुकानदारानं आधी रंगीत दिवे लागणारा मॉनिटर दाखवला. "काकू, ये देखो, बच्चे लोग यही लेते हैं." मी म्हटलं, "मले दिवाळी नाई करायची, वाचायचं हाय. सस्त्यातला दाखव, पण अक्षर फाटलं नाई पायजे." तो हसला. पेनड्राइव्हमधून मी एक पत्रिका नेली होती, ती त्यानं एकेका मॉनिटरवर उघडून दाखवली. कोपऱ्यातला साध्या काळ्या पायाचा, फोर-के म्हणतात तो, त्यावर 'मंगलपरिणय' असं उमटलं की हात लावून पाहावंसं वाटलं. दिवे नाहीत, स्पीकर नाही, पाया वरखाली होत नाही. म्हणून स्वस्त. तोच घेतला. बसमध्ये खोका मांडीवर ठेवला, कंडक्टर म्हणाला तरी वर टाकू दिला नाही.

घरी जोडला आणि रडायचीच बाकी राहिले. अक्षरं मुंग्यांएवढी! मी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, कमी केलं. अक्षरं मोठी झाली, पण पुन्हा तशीच फुगलेली, फाटलेली. म्हणजे नवा डबा आणून मीच त्याला जुना केला. मनात आलं, शकुंतलाबाई म्हणत होत्या तेच खरं, प्रफुलला किल्ली द्यावी. तरी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, रिझोल्यूशन था वैसा रहने दो. सिर्फ स्केल बढाओ." स्केल म्हणजे अक्षरांचं माप. तेवढंच वाढवलं. आणि लख्ख! मग मला उमगलं. पीठ बारीक दळलं म्हणून भाकर लहान थापायची नसते. मी भाकर मोठी करायला पीठच जाडंभरडं करत होते.

अण्णाजींनी पान पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "सारी स्मरणिका तूच कर."

तुमचा पुतण्या प्रफुल किल्ली न्यायला आला होता. मी दिली नाही. तो म्हणाला, "मामी, काकूले काय सांगू मी?" मी म्हटलं, "तू काई नको सांगू. मी लिहतो त्याईले पत्र." चहा पिऊन गेला. रागावला नाही, तुम्हीही रागावू नका. गाळा मी चालवणार.

मॉनिटरचं सांगायचं म्हणून लिहायला बसले होते. पण एक गोष्ट सांगायची राहिलीच.

स्केल जमलं त्याच संध्याकाळी मी सातवीचा फोटो उघडला. ओळीनं नावं लावत गेले. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा पोरगा, शर्टाला गुंडीऐवजी सेफ्टी पिन. कान पाहिले आणि हात थांबला. आमचं लग्न झालं तेव्हा त्यांना मिशा होत्या. त्या वयाचे ते मी कधी पाहिलेच नव्हते. ते गेल्यावर आता त्यांचं नवीन काही पाहायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

पुढे पोरींची ओळ आहे. साऱ्या पोरी कॅमेऱ्याकडे बघतात. एकच मान मागे वळवून त्यांच्या शर्टाकडे बघते आहे, पिन जागेवर आहे की नाही ते. नाव लावायला मला अण्णाजींना विचारावं लागलं नाही. तुम्ही दोघं एकाच वर्गात होता; ती पिन तुम्हीच लावली होती ना? फोटो छापून सोबत पाठवते. त्याला जुनी चौकट शोधू नका, मी करून आणीन.

इतके दिवस जुना मॉनिटर मी का बदलत नव्हते, ते तुम्ही कधी विचारलं नाही. बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो जुना मॉनिटर त्यांच्या दुपट्ट्यानं पुसला, विहारातल्या अभ्यासिकेत नेऊन दिला, परत आले आणि शटर पूर्ण वर केलं.

तुमच्या भावाच्या आणि आता माझ्याही गाळ्यातून,
देवका