पालखीपुढे सांगितलेला देश

आप्पा, तुमची नात कुठे आहे ते मला ठाऊक नाही. जिवंत आहे की नाही, तेही नाही. घरात बोलायला माणूस असताना मी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, तुम्हाला लिहायला बसले आहे, यावरूनच काय ते ओळखा.

खेडच्या टेलिफोन एक्सचेंजात मला नोकरी लागली होती, आठवतं? तुम्ही जहाजावरून सुट्टीला आला होतात. दाभोळच्या घरी मागच्या पडवीत आई बांगडे साफ करते आहे आणि मी दारात उभी राहून सांगते आहे की मावशीकडे राहीन, रात्रपाळी काही रोज नसते. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर भांडता तरी आलं असतं. "मी दर्यावर असतो," तुम्ही म्हणालात, "तवा माजी पोरगी रातची खंय हाय, ह्ये मला ठावं पायजे. नायतर माजा जीव थाऱ्यावर ऱ्हायचा नाय." झालं. वर्षभरात लग्न लावून मोकळे झालात. स्वतः अर्धं जग फिरलात आणि मला खेडसुद्धा लांब! तो राग मी सासरी बरोबर घेऊन आले, आणि मुलगी झाली तेव्हा ठरवलं की हिला कोणी अडवायचं नाही.

नाही अडवलं. ती पुण्याला परकी भाषा शिकली, मग दिल्लीला सरकारी नोकरीत लागली. काम काय, तर भाषांतर. एकदा सुट्टीवर आली आणि घावन खाता खाता म्हणाली, "आई, मी आता परदेशात असेन. कुठे ते विचारायचं नाही. फोन मीच करीन." मी काही दूधखुळी नव्हे. म्हटलं, "हेरगिरी करायला निघालीस?" ती हसली. "अगं, बाईकडे कोणी धड बघत नाही. पिशवी घेऊन बाजारात निघालेल्या बाईच्या मनात काय आहे, याची कोणाला पडलीय? म्हणून आम्ही बऱ्या." मला तेव्हा अभिमानच वाटला. परमुलखात आपल्याविरुद्ध काय शिजतंय ते देशाला आधी कळायला हवं, आणि ते कळायला कोणाचं तरी मूल तिथे जाऊन राहायला हवं, हे मला पटत होतं. ते मूल माझं आहे, एवढंच काय ते अंगावर आलं नव्हतं.

गावात मात्र तोंड उघडायची सोय नव्हती. शेजारची वहिनी चारचौघींत म्हणायची, "तिशी उलटली, लगीन नाय, आनि आवशीस ठावं नाय पोरगी खंय ऱ्हाते? असली कसली गो नोकरी?" हे घरी येऊन जेवण अर्धवट टाकून उठायचे. बापाच्या कानावर त्याहून घाण काहीतरी येत असणार.

आणि मग एकदा तिच्या फोनमागे मला एक फेरीवाला ऐकू आला. सुट्टीवर आलात की तुम्ही आम्हाला बंदराबंदरांतल्या आरोळ्या करून दाखवायचात, आम्ही पोट धरधरून हसायचो. त्यांतलीच एका बंदरातली, शेवटी उंच चढणारी आरोळी. म्हणजे देश तुम्हीच सांगितलात मला. मी ह्यांना सांगितलं. नवऱ्याला नाही सांगायचं तर कोणाला?

शिमग्याला पालखी आमच्या दारी आली. आमच्याकडे गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा बाहेर असलेल्या माणसाचं नाव ठिकाणासकट घेतो. मुंबईला असो की बोटीवर, देवानं राखण करायची तर त्याला ठिकाण कळायला नको? गुरवानं विचारलं, "पोरगी खंय हाय ता सांगा, देवान तिला हुडकायची खंय?" अंगण माणसांनी भरलेलं. वहिनी पुढेच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात त्या देशाचं नाव घेतलं. वर म्हणाले, "सरकारच्या कामावर हाय, देशासाठी." "व्हय म्हाराजा!" सगळं अंगण गरजलं. वहिनीची मान खाली गेली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मुंबईकरांसाठी कोणीतरी मोबाइलवर पालखी टिपत होतं. तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून कुठे कुठे गेला देव जाणे. वर लिहिलेलं, 'आपल्या गावची वाघीण'. तिचा फोन त्यानंतर आलेला नाही.

पुढे दिल्लीहून तिच्या कचेरीतली एक मुलगी आली. आमच्या लेकीच्याच वयाची, एकटी. पडवीत बसून कोकम सरबत प्यायली आणि म्हणाली, "काकू, ती आता तिथे नाही." मी विचारलं, "मग कुठे आहे?" तिनं पेला खाली ठेवला. "जीव तरी आहे ना तिचा?" तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आम्ही शोधतोय." तिचा हात गार होता. ही इथे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात माझ्या पडवीत आहे हे तिच्या आईला तरी ठाऊक असेल का, असं माझ्या मनात आलं. मग मला रडू फुटलं, आणि ती उठून गाडीत जाऊन बसली.

तेव्हापासून हे देवळाची पायरी चढलेले नाहीत. मोबाइल हातात घेऊन ओटीवर बसतात. मी त्यांना दोष देत नाही. ऐकलं मी, ओळखलं मी, ते नुसते बापासारखे बोलले. लोक धीर द्यायला येतात, म्हणतात देव आहे. देवाला ठिकाण सांगितलं होतं की.

आप्पा, तुमचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तुम्ही माझं जे नेलंत ते नेलंतच. पण ती परत आली, तर मी तिला जाऊ देणार नाही. तिनं हातपाय आपटले, मला नाही नाही ते बोलली, तरी दारात आडवी पडेन. देशानं दुसऱ्या कोणाची तरी लेक शोधावी. हे मी ह्यांनाही बोललेले नाही. आणि ती आलीच, तर तिच्या हाती लागू नये म्हणून हा कागद आता फाडून टाकते.