शाल काढणार नाही

३ तारीख, सकाळ
चारचौघांत सासूला कपडे काढायला सांगते. ही आमची सूनबाई. इस्पितळात कॅज्युअल्टीची मोठी सिस्टर आहे, म्हणून घरातही सगळ्यांना पेशंटच समजते. शनिवारी तिथे ड्रिल आहे. कुणी गर्दीत विषारी गॅस सोडला तर काय करायचं, त्याची तालीम. खोटे पेशंट हवेत. मी येते म्हटलं. तर म्हणे, आई, बाहेर तंबूत सगळे कपडे काढून अंगावर पाणी घ्यावं लागेल. विष कपड्यांत बसतं. त्याशिवाय कुणालाच आत घेत नाहीत. म्हटलं, मला घेतील.
ठरलं. मरेन, पण शाल काढणार नाही. गेल्या थंडीत तिनेच आणली. रंग भिकार, ऊब बरी.

८ तारीख, संध्याकाळ
ड्रिल झालं. आत मीच पहिली पोचले. तंबूला वळसा घालून. धोबीखान्याकडचं मागचं दार मला ठाऊक आहे, तिचा डबा मीच नेते. तंबूत पाणी मारणारा एक पाइपवाला आडवा आला, रबरी कपड्यातला, रेड्यासारखा. त्याच्या नडगीवर काठी घातली. बसला मटकन. कशाला मधे यायचं.
सूनबाई सगळ्यांसमोर म्हणाली, आई, तुमच्यामुळे आज माझा अख्खा वॉर्ड मेला. मी नीट पाहिलं. सगळे चहा पीत होते.
आता महिनाभर तिच्याशी बोलणार नाही.

९ तारीख
बोलले. मिठाचा डबा सापडेना. ते बोलणं धरायचं नाही.

१७ तारीख, दुपार. इस्पितळात, खाटेवर. कागद मागून घेतला.
बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली फट्ट झालं. मोठा आवाजसुद्धा नाही. कसलासा डबा फुटला आणि पातळ काहीतरी उडालं. माझ्या शालीवरही. समोरचा फळवाला आधी पडला. तोंडाला फेस, टाचा फरशीवर आपटतायत. मग त्याच्या शेजारची बाई. मग लोक पळाले ते पडलेल्यांच्या अंगावरून. जिन्यात एकीच्या मनगटावर पाय पडला, हाड मोडलेलं ऐकू आलं. पाय माझाच. मागून लोटत होते, मी काय करणार. एकाच्या कानशिलात काठी घातली, तो सरकला, मी बाहेर. काचेचं दार फुटलं होतं, त्यात एकाची मान कापली. रक्त भिंतीपर्यंत उडत होतं.
मला काही झालं नाही. नाक गळत होतं आणि दिसत जरा अंधुक होतं. वयाने.
शाल ओली. नवी वस्तू टाकायची कशी? पिशवीत कोंबली. म्हणजे काढली खरी, पण कुणी सांगितलं म्हणून नाही.
इस्पितळासमोर तंबू, रांग, किंकाळ्या. लोक पाइपवाल्यांना लाथा घालत होते. एकाने त्यांच्यातल्या एकाचा मास्क ओढून फाडला. असल्यांत मी उभी राहू? मागच्या दाराने थेट सिस्टरांच्या खोलीत गेले. खोली लहान, खिडकी बंद. शाल हीटरवर वाळत घातली.
सूनबाई आली. मला पाहिलं, शाल पाहिली. आई नाही की काही नाही. दंडाला धरून बाहेर फेकलं. फेकलंच, गुडघा फुटलाय. आणि तोंडावर दार लावलं. आतून कडी. सासूच्या तोंडावर.
दाराला काच आहे. आत तिने शाल पिशवीत कोंबली, गाठ मारली. दुसऱ्या पिशवीत घातली, परत गाठ. मग खिडकीकडे निघाली. पोचली नाही. पडली, आणि तिच्या टाचा फरशीवर आपटायला लागल्या.
मी काठीने काच फोडत होते. मागून कुणीतरी उचललं. पाइपवाला. तोच, नडगीवाला. मास्क लावलेले दोघे दार तोडून आत शिरले आणि ह्याने मला तंबूत नेलं, कातरीने सगळे कपडे कापले, पाइपखाली धरलं. मी रडले नाही. साबण डोळ्यांत गेला.
सकाळी उपाशीच निघते ती. चक्कर येणारच.

१९ तारीख
सूनबाई व्हेंटिलेटरवर. मुलगा माझ्याशी बोलत नाही. मी एवढंच म्हटलं की कापडच हलकं होतं, चांगल्या शालीने एवढं विष धरलं नसतं, आणली कुणी? तो उठून गेला.
डॉक्टर सांगत होते, दार लावलं नसतं तर वॉर्डातले निम्मे गेले असते. म्हणजे वॉर्ड मेलाच नाही. ड्रिलच्या दिवशी उगाच मला बोलली.
शुद्धीवर आली की हे तिला ऐकवायचं.

२३ तारीख
तिने डोळे उघडले म्हणून घरी निरोप आला. गेले. तंबू अजून आहे. पाइपवाल्याला म्हटलं, पाणी घाल. तो म्हणाला, आजी, आता गरज नाही, सगळं धुऊन झालंय. म्हटलं, घाल. सगळे कपडे काढले. पाणी बर्फासारखं होतं. दोनदा घालायला लावलं.
मग पुढच्या दाराने आत.
ऐकवायचं ते राहून गेलं. तोंडात नळी आहे तिच्या. मी विचारलं, मला ढकललंस तशी स्वतः का नाही बाहेर आलीस? मुलगा म्हणाला, आई, तिला बोलता येत नाही. डॉक्टरही काहीतरी समजावायला लागले.
दोघांना गप्प केलं. खुर्ची ओढून बसलेय. कुणी मधे बोलायचं नाही. तिला विचारलंय, उत्तर तिनेच द्यायचं.