पाळण्याच्या पाइपातली वाळू

मी, इंद्रभान पुंजाजी उबरहंडे, वय ६६, धंदा शेती, राहणार धाड, ता. जि. बुलढाणा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला आहे. बायकोकडे मागितला असता तर मिळाला नसता.

१. राहते घर पत्नी मनकर्णाबाई हिच्या एकटीच्या नावे. तिला कोणी ऊठ म्हणू नये.

२. दोन एकर शेत मुलगा राजकुमार, राहणार नांदुरा, याला.

३. परसातली भट्टी, भाता, ऐरण आणि घण शेजारी सहदेव याला. माझा लहान हातोडा तो बारा वर्षांपासून उद्या आणून देणार आहे. तोही त्यालाच.

४. हे कलम ~~माझ्या तेरवीला पंगत बसण्याआधी~~ राजकुमारला सांगावे. तो महिन्याचा असताना मी त्याच्या पाळण्यासाठी घरीच पाइप वाकवत होतो. तापवून वाकवताना पाइप चेपू नये म्हणून आत वाळू ठासतात आणि दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकतात. वाळू आधी कढईत भाजून खडखडीत करावी लागते, नाहीतर आत वाफ कोंडून खुंटी उडते. मनकर्णा म्हणाली होती, "वाळू ओली हाय. थांबा, भाजून देतो." मी थांबलो नाही. खुंटी तिच्या उजव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला. दवाखान्यात तिच्या वडिलांनी विचारले, तेव्हा मी सांगितले की हिनेच वाळू नीट भाजली नाही. ती गप्प राहिली. तेव्हापासून घरादाराने तिला निष्काळजी ठरवले. राजकुमार तेच ऐकत मोठा झाला. आजही तो आपले लेकरू तिच्याजवळ एकटे ठेवत नाही, आणि मी बाजूला बसून चहा पितो. मला माझीच लाज वाटते.

५. सहीआधी वाढवलेले: साक्षीदार वरचे मोठ्याने वाचत होते तेव्हा मनकर्णा दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. म्हणाली, "मेल्यावर काऊन? जित्तेपणी सांगा त्याले." म्हणून तेरवीची ओळ खोडली आणि फोन लावला. राजकुमारने कलम ४ माझ्या तोंडून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "आईले फोन द्या."

ती फोन घेऊन परसात गेली आहे. अजून आत आलेली नाही. मी सही करतो.

इंद्रभान पुंजाजी उबरहंडे

साक्षीदार:
१. राम पडघान
२. उकंडराव जेऊघाले

धाड, १७ नोव्हेंबर २०२५